हेरकथाकार अर्स्किन चिल्डर्स

इंग्रजीतील हेरकथेचा इतिहास सांगताना १९०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रिडल ऑफ द सँड्स’ या कादंबरीला वगळून पुढे जाता येत नाही. किपलिंग यांची ‘किम’ तिच्या दोन वर्षे आधी आली होती आणि तिच्यातही हेरगिरी आहे. तथापि परक्या राष्ट्राचा गुप्त बेत, तो योगायोगाने ज्यांच्या हाती लागतो अशी साधी माणसे, आणि आपल्यातलाच एखादा फितूर, ही जी मांडणी पुढे जॉन बकन, एरिक अँब्लर यांच्यासारख्या लेखकांनी वापरली, ती ठसठशीतपणे दिसली ती या पुस्तकात. तिचे लेखक अर्स्किन चिल्डर्स यांनी आयुष्यात ही एकच कादंबरी लिहिली. इंग्लंडला सावध करण्यासाठी ती लिहिणाऱ्या या माणसाला एकोणीस वर्षांनी डब्लिनच्या एका बराकीत गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. त्या वेळी इंग्लंडच्या दृष्टीने ते देशद्रोही होते आणि आयर्लंडमधील अनेकांच्या दृष्टीने इंग्रजांचे हेर.

रॉबर्ट अर्स्किन चिल्डर्स यांचा जन्म २५ जून १८७० रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स हे सिलोनमध्ये मुलकी सेवेत होते. प्रकृती ढासळल्यामुळे ते मायदेशी परतले, पण सिलोनमध्ये भिक्षूंच्या सहवासात जडलेला पालीचा ध्यास सुटला नाही. पाली भाषेचा पहिला मोठा इंग्रजी कोश त्यांनी सिद्ध केला. त्याचे दोन भाग १८७२ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे नाव आजही मुलापेक्षा वडिलांमुळेच ठाऊक असते. कोश पुरा झाला आणि वर्षभरातच, १८७६ मध्ये, क्षयाने त्यांचा अंत झाला. पालीच्या आणखी एका थोर उपासकाचा, आपल्या धर्मानंद कोसंबींचा, जन्म गोव्यात त्याच वर्षी व्हावा, हा केवळ योगायोग; परंतु नोंदवल्यावाचून राहवत नाही.

वडिलांच्या मागोमाग आईलाही क्षयाने ग्रासल्याचे निष्पन्न झाले. संसर्गाच्या भयाने तिला मुलांपासून दूर रुग्णालयात ठेवण्यात आले आणि पाचही भावंडांची रवानगी आजोळी, आयर्लंडच्या विक्लो परगण्यातील ग्लेनडालॉक हाउस या बार्टन कुटुंबाच्या घरी झाली. अर्स्किन तेव्हा सहा वर्षांचे होते. आईची पत्रे येत राहिली. आई मात्र पुन्हा दिसली नाही. मामांचा विवाह आत्याशीच झालेला असल्यामुळे मामेभाऊ आणि आतेभाऊ एकच होते. त्यांतील रॉबर्ट बार्टन या कथेत पुढे पुन्हा भेटतील. डोंगर, सरोवरे आणि पावसाळी आभाळ यांच्या त्या मुलखाने पोरक्या मुलांना घर दिले. चिल्डर्स यांच्या रक्तात इंग्लंड किती आणि आयर्लंड किती, याचा हिशेब पुढे बऱ्याच जणांनी मांडला. त्यांच्या मनातले घर कोणते, हे ठरले ते मात्र त्या सहाव्या वर्षी.

शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. हेलीबरी या शाळेत ते शिकले. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानात पाठवायचे आपले अधिकारी एके काळी ज्या वास्तूत घडवीत असे, तेथेच ही शाळा भरत होती. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात कायद्याचा अभ्यास करून १८९५ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात कारकून म्हणून रुजू झाले. विधेयकांचे मसुदे, समित्यांची टिपणे, नेमका शब्द नेमक्या जागी ठेवणे असे ते काम होते. चष्मा लावणारा, किंचित लंगडत चालणारा, मितभाषी असा हा कारकून सुट्टी लागली की समुद्राकडे धाव घेई. सहकाऱ्यांना त्याची फारशी कल्पना नसे.

‘व्हिक्सन’ ही त्यांची नौका म्हणजे एका जुन्या जीवरक्षक होडीला शिडे चढवून केलेली, दिसायला ओबडधोबड, पण उथळ पाण्यात निर्धास्त जाणारी बोट होती. १८९७ च्या शरद ऋतूत तिच्यातून त्यांनी जर्मनीच्या वायव्येकडील फ्रीजियन बेटांचा किनारा आणि पुढे बाल्टिक समुद्र गाठला. हा किनारा विलक्षण आहे. बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधला समुद्र ओहोटीला जवळजवळ नाहीसा होतो. मैलोगणती ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यातून पाण्याच्या अरुंद, वळणावळणाच्या वाटा तेवढ्या उरतात. सहा तासांनी भरती आली की सारे पुन्हा पाण्याखाली जाते. कोकणातल्या खाड्यांतून होडी हाकणाऱ्याला ज्या गोष्टी उपजत कळतात, त्या चिल्डर्स यांनी हाती होकायंत्र आणि खोली मोजण्याची काठी घेऊन एकेक करून शिकून घेतल्या. प्रवासाची रोजनिशी त्यांनी काटेकोरपणे ठेवली होती. कादंबरीचे बीज तिच्यातच आहे.

मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. तीस वर्षांचे होत आलेले चिल्डर्स १९०० मध्ये लंडनच्या स्वयंसेवक तोफखान्यात साधे शिपाई म्हणून दाखल झाले. त्यांच्याकडे तोफगाड्याचे घोडे हाकण्याचे काम होते. बहिणींना पाठवलेल्या त्यांच्या पत्रांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले आणि चांगले खपले. त्या वेळी ते साम्राज्याचे निष्ठावंत सेवक होते, यात शंका नाही. परंतु शत्रू म्हणून समोर आलेले बोअर शेतकरी आपल्याच भूमीसाठी लढत आहेत, हे त्यांना तेथे जवळून दिसले, आणि त्या दर्शनाचा परिणाम सावकाश होत गेला.

मे १९०३ मध्ये कादंबरी बाहेर पडली. परराष्ट्र खात्यातला कॅरदर्स हा स्वतःवर खूश असलेला तरुण सप्टेंबरच्या रिकाम्या लंडनमध्ये कंटाळून गेला आहे. डेव्हिस या जुन्या ओळखीच्या मित्राचे त्याला पत्र येते : बाल्टिकमध्ये नौकाविहाराला आणि बदकांच्या शिकारीला ये. कॅरदर्स भलीमोठी पेटी आणि कडक कपडे घेऊन पोहोचतो, तर पुढ्यात एक बुटकी, मळकट होडी. पेटी तिच्या दारातून आतही जात नाही. त्या होडीला चिल्डर्स यांनी आपल्या बहिणीचे नाव दिले आहे : डल्सिबेला. हळूहळू उलगडते की डेव्हिसला शिकारीत रस नाही. डोलमन नावाच्या एका माणसाने वादळात फसव्या वाटेवर नेऊन त्याला वाळूत बुडवण्याचा प्रयत्न केला होता, आणि हा जर्मन म्हणवणारा माणूस इंग्रज असावा असा त्याचा संशय आहे. दोघे मित्र त्या वाळूच्या दांड्यांमधून मार्ग शोधत राहतात. शेवटी जर्मनीचा बेत त्यांच्या ध्यानात येतो : किनाऱ्यावरच्या सात लहान बंदरांतून सपाट तळाच्या पडावांत सैन्य भरायचे आणि भरती साधून ते ओढत इंग्लंडच्या उघड्या पूर्व किनाऱ्यावर उतरवायचे.

पुस्तकाची खरी जादू या बेतापेक्षा तपशिलात आहे. दाट धुक्यात, केवळ होकायंत्राच्या काट्यावर आणि घड्याळावर विसंबून दोघे मित्र वाळूच्या त्या चक्रव्यूहातून मैलच्या मैल वल्हवत जातात, ते प्रकरण वाचताना वल्ह्यांचा आवाज ऐकू येतो. नकाशे आणि सागरी तक्ते पुस्तकातच जोडलेले असल्यामुळे वाचक बोट ठेवून पाठोपाठ जाऊ शकतो. कथा ही जणू सत्यघटनेचा अहवाल असून आपण केवळ संपादक आहोत, असा बहाणा लेखकाने केला होता, आणि पुष्कळांना तो खरा वाटला. उणी बाजू म्हणजे डोलमनची मुलगी क्लारा. कथेत नायिका आणणे चिल्डर्स यांना जड गेले होते आणि ते जडपण पानोपानी जाणवते.

पुस्तक अफाट खपले. उत्तर समुद्राच्या बाजूने इंग्लंड किती उघडे आहे, याची चर्चा आधीच सुरू होती. कादंबरीने तिला धार आणली. १९१० मध्ये ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी त्याच किनाऱ्यावर टेहळणी करताना जर्मनांच्या हाती सापडले. लाइपझिगच्या न्यायालयात चौकशी चालू असता त्यांतील ब्रँडन यांनी ही कादंबरी आपण तीनदा वाचल्याचे सांगितले. कल्पित हेरांमागून खरे हेर गेले, असा हा प्रकार. याची एक काळी बाजूही होती. शेजारी राहणारा, आपलीच भाषा बोलणारा माणूस मनातून दुसऱ्या देशाचा असू शकतो, ही भीती डोलमनच्या रूपाने घरोघर पोहोचली. अशा हेरकथांची पुढे रीघ लागली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत परक्या नावाच्या प्रत्येकाकडे संशयाने पाहण्याची सवय इंग्लंडला जडली. त्या संशयाची झळ आपल्यालाही लागेल, हे १९०३ मध्ये चिल्डर्स यांच्या स्वप्नातही नसेल.

त्याच वर्षी अमेरिकेतील बॉस्टन येथे त्यांची मॉली ऑसगुड यांच्याशी भेट झाली आणि जानेवारी १९०४ मध्ये विवाह झाला. लहानपणी बर्फावर झालेल्या अपघातामुळे मॉली यांना चालणे कठीण होते. तरीही सुकाणू हाती घेऊन त्या तासन् तास बसत. त्यांच्या वडिलांनी विवाहाची भेट म्हणून नौका दिली. विख्यात नौकाशिल्पी कॉलिन आर्चर यांनी नॉर्वेत बांधलेली, सुमारे ५० फूट लांबीची ही ‘असगार्ड’ १९०५ मध्ये पाण्यात उतरली. पुढील काही वर्षे चिल्डर्स यांनी युद्धशास्त्रावर लिहिले. तलवार आणि भाला घेऊन दौडणाऱ्या घोडदळाचे दिवस संपले, हे त्यांचे म्हणणे सेनाधिकाऱ्यांना रुचले नाही, पण १९१४ नंतरच्या खंदकांनी ते खरे ठरवले.

आयर्लंडविषयीचे त्यांचे मत याच काळात पालटले. १९१० मध्ये त्यांनी पार्लमेंटची नोकरी सोडली आणि १९११ मध्ये आयरिश होमरूलची सविस्तर घटनात्मक मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. होमरूल हा शब्द आयर्लंडहूनच आपल्याकडे आला. १९१६ मध्ये लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी आपापल्या संघांना तेच नाव दिले. साम्राज्यात राहून स्वराज्य, एवढीच चिल्डर्स यांची तेव्हाची मागणी होती. परंतु एप्रिल १९१४ मध्ये होमरूलच्या विरोधकांनी उत्तर आयर्लंडमध्ये लार्न बंदरात सुमारे २५,००० बंदुका उतरवल्या आणि सरकारने डोळेझाक केली. त्यानंतर चिल्डर्स यांच्यातील कारकुनाने टाक खाली ठेवला.

लंडनमधील काही आयरिश हितचिंतकांनी सुमारे १,५०० पौंड जमवून हँबुर्ग येथे १,५०० जुन्या माउझर बंदुका आणि ४५,००० काडतुसे खरेदी केली. त्यांतील ९०० बंदुका आणि २९,००० काडतुसे ‘असगार्ड’वरून न्यायची, असे ठरले. नौकेवर चिल्डर्स, मॉली, लॉर्ड मॉन्टीगल यांच्या कन्या मेरी स्प्रिंग राइस, गॉर्डन शेफर्ड नावाचे एक स्नेही (हे ब्रिटिश सैन्यातले वैमानिक, हे विशेष!) आणि डॉनेगॉलचे दोन कोळी एवढीच माणसे होती. बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ भर समुद्रात रात्रभर माल चढवण्यात आला. खोलीतले फर्निचर काढून टाकले, तरी बंदुका मावेनात. शेवटी सगळे जण बंदुकांवर निजले, बंदुकांवर बसून जेवले. वाटेत ब्रिटिश आरमाराची जहाजे आडवी आली, आयरिश समुद्रात मोठे वादळ झाले. २६ जुलै १९१४ रोजी, रविवारी भर दुपारी, ठरल्या वेळी मॉली यांच्या हाती सुकाणू असताना नौका डब्लिनजवळच्या हौथ बंदरात शिरली. धक्क्यावर स्वयंसेवकांची रांग तयार होती. अर्ध्या तासात नौका रिकामी झाली. ‘द रिडल ऑफ द सँड्स’मधील डेव्हिसला अभिमान वाटावा असे हे नौकानयन होते, त्याने ते कोणासाठी झाले हे मात्र विचारले असते. त्याच संध्याकाळी डब्लिनच्या रस्त्यात सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि तीन माणसे जागीच मरण पावली. उतरवलेल्या बंदुका दोन वर्षांनी ईस्टरच्या उठावात वापरल्या गेल्या.

यानंतर जे घडले ते पचवणे त्यांच्या चरित्रकारांनाही जड जाते. महायुद्ध सुरू होताच, म्हणजे बंदुका उतरवून काही आठवडेच झाले असताना, चिल्डर्स ब्रिटिश आरमारात दाखल झाले. बेल्जियमसारख्या लहान राष्ट्राच्या बाजूने लढणे हे आयर्लंडच्या बाजूने लढण्याशी विसंगत नाही, अशी त्यांची धारणा होती. जर्मन किनाऱ्याची त्यांच्याइतकी माहिती असलेला माणूस आरमारालाही हवा होता. २५ डिसेंबर १९१४ रोजी कुक्सहाफेनजवळच्या झेपेलिनच्या तळांवर सागरी विमानांनी जो हल्ला चढवला, त्यातील एका विमानात ते निरीक्षक म्हणून बसले होते. ज्या वाळूच्या दांड्यांतून ते सतरा वर्षांपूर्वी होडी ढकलत गेले होते, ते दांडे आता त्यांच्या पायांखालून सरकत होते. पुढे भूमध्य समुद्रातही त्यांनी सेवा केली आणि १९१७ मध्ये शौर्यपदक मिळवले.

तोवर डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव होऊन त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. युद्ध संपले तेव्हा चिल्डर्स यांच्या दृष्टीने होमरूल हा विषय मागे पडला होता. त्यांना संपूर्ण प्रजासत्ताक हवे होते. १९१९ पासून ते डब्लिनला स्थायिक झाले. १९२१ मध्ये ते आयरिश संसदेवर निवडून आले आणि प्रजासत्ताकाच्या प्रचारखात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या संपादनाखालील ‘आयरिश बुलेटिन’ने ब्रिटिश सैन्याच्या अत्याचारांच्या नोंदी जगभरच्या वृत्तपत्रांपर्यंत नेल्या. कारकुनाची शिस्त येथेही उपयोगी पडली.

ऑक्टोबर १९२१ मध्ये आयरिश शिष्टमंडळ वाटाघाटींसाठी लंडनला गेले. आर्थर ग्रिफिथ आणि मायकेल कॉलिन्स त्याचे प्रमुख होते. मामेभाऊ रॉबर्ट बार्टन सदस्य होते आणि चिल्डर्स चिटणीस. ६ डिसेंबर रोजी करार झाला. आयर्लंडला साम्राज्यांतर्गत स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळणार होता, पण राजनिष्ठेची शपथ कायम होती आणि उत्तरेकडील सहा परगणे वेगळेच राहणार होते. बार्टन यांनी दडपणाखाली सही केली; चिल्डर्स विरोधात गेले. संसदेने ६४ विरुद्ध ५७ मतांनी करार स्वीकारला. चर्चेत ग्रिफिथ यांनी त्यांना इंग्रज म्हणून हिणवले आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारले. पुढे ब्रिटिश गुप्तचर खात्याशीही त्यांचे नाव जोडले. ज्याने युद्धकाळातील आपली सेवा कधी लपवली नव्हती, त्याच्यावर ती लपवल्याचा आळ आला. चिल्डर्स यांनी केलेली एकमेव गुप्त गोष्ट म्हणजे ‘असगार्ड’ची सफर, आणि ती आयर्लंडसाठी होती!

जून १९२२ मध्ये निवडणूक झाली, चिल्डर्स पराभूत झाले, आणि त्याच महिन्यात यादवी पेटली. कालचे सहकारी एकमेकांवर बंदुका रोखू लागले. चिल्डर्स यांनी कॉर्क आणि केरीच्या डोंगराळ भागात एक लहान छापखाना या गावातून त्या गावात हलवत करारविरोधकांचे पत्र चालवले. इंग्लंडच्या वृत्तपत्रांना आणि डब्लिनच्या सरकारलाही प्रत्येक उडवलेल्या पुलामागे त्यांचाच हात दिसू लागला. वस्तुतः लष्करी निर्णयांत त्यांना फारसे कोणी विचारीत नसे. विरोधकांतील कित्येकांनाही ते परकेच वाटत. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तडजोडीचा मार्ग बंद करणाऱ्या आवाजांत त्यांचा आवाज होता. जनमत करारामागे आहे हे निवडणुकीने दाखवले होते, आणि घटनाशास्त्राच्या या अभ्यासकाला ते मनाला लावून घेता आले नाही.

ऑगस्टमध्ये दहा दिवसांच्या अंतराने ग्रिफिथ आजाराने गेले आणि कॉलिन्स गोळीबारात पडले. नव्या सरकारने विनापरवाना शस्त्र बाळगणाऱ्याला देहदंड ठोठावण्याचा अधिकार लष्करी न्यायालयांना दिला. नोव्हेंबरमध्ये चिल्डर्स दक्षिणेकडून डब्लिनकडे निघाले असता वाटेत ग्लेनडालॉक हाउसमध्ये थांबले. १० नोव्हेंबरला पहाटे सैनिकांनी त्यांना तेथे, त्यांच्या बालपणीच्या घरात, पकडले. जवळ एक लहानसे पिस्तूल सापडले. ते मायकेल कॉलिन्स यांनीच चांगल्या दिवसांत त्यांना भेट दिलेले होते. विन्स्टन चर्चिल यांनी निवडणुकीच्या सभेत या अटकेबद्दल जाहीर समाधान व्यक्त केले. आठ वर्षांपूर्वी चिल्डर्स आरमारात भरती झाले तेव्हा त्या खात्याचे मंत्री तेच होते.

खटला बंद दाराआड चालला. वकिलांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि त्यावरील अपील सुनावणीला येण्यापूर्वीच २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सकाळी बेगर्स बुश बराकीत शिक्षा अमलात आणली गेली. त्या यादवीत सरकारने अधिकृतपणे देहदंड दिलेल्यांची संख्या ७७ सांगितली जाते. मृत्यूपूर्वी चिल्डर्स यांनी समोरच्या शिपायांपैकी प्रत्येकाशी हस्तांदोलन केले आणि नेम सोपा जावा म्हणून त्यांना एकदोन पावले जवळ यायला सांगितले. ते बावन्न वर्षांचे होते.

आदल्या दिवसांत सोळा वर्षांच्या थोरल्या मुलाला तुरुंगात भेटू दिले होते. वडिलांनी त्याच्याकडून एक वचन घेतले : माझ्या मृत्यूच्या आदेशाला जबाबदार असलेल्या प्रत्येकाला शोधून काढायचे आणि त्याच्याशी हात मिळवायचा. आपल्या नावाचा उपयोग वैरासाठी करायचा नाही, असेही बजावले. अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स यांनी ते वचन पाळले. १९३८ मध्ये ते संसदेत गेले, वेगवेगळ्या खात्यांचे मंत्री झाले, आणि १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. प्रतिस्पर्धी होते टॉम ओहिगिन्स. १९२२ च्या मंत्रिमंडळातील केव्हिन ओहिगिन्स यांचे पुतणे. चिल्डर्स निवडून आले. शपथविधी २५ जून रोजी, वडिलांच्या जन्मदिनी, झाला. सतरा महिने होत आले असतानाच त्यांचे निधन झाले.

कादंबरी आजही छापली जाते. नौकाप्रेमी वाचक तिचे नकाशे घेऊन अजूनही फ्रीजियन बेटांकडे जातात. वाळूचे दांडे मात्र दरवर्षी थोडे सरकतात, त्यामुळे चिल्डर्स यांच्या वाटा आता जशाच्या तशा सापडत नाहीत. मॉली १९६४ पर्यंत जगल्या. ‘असगार्ड’ आयरिश सरकारने १९६१ मध्ये विकत घेतली. बऱ्याच वर्षांच्या हेळसांडीनंतर तिचे लाकूड फळीफळीने जतन करण्यात आले, आणि आता ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभी आहे. ते संग्रहालय ज्या जुन्या बराकीत आहे, तिला मायकेल कॉलिन्स यांचे नाव दिलेले आहे.